कागदातला जवान माझ्या पुढे चालायचा

माझा डावा पाय गुडघ्याच्या खाली गेला तेव्हा मी सैन्यात हवालदार होतो. सरहद्दीवर गस्त होती, जमिनीत सुरुंग होता, पाय पडला आणि गेला. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही, आणि लोकांना नेमकं तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकायचं असतं. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. आधी दवाखाना, मग पुण्याचं कृत्रिम पाय बसवणारं लष्करी केंद्र, असं सगळं करून मी नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या माझ्या गावी आलो, आणि तिथे माझं दुसऱ्याच एका जखमी जवानाशी वाकडं आलं. तो कागदावरचा होता आणि तो माझ्याच बायकोने काढला होता.

बायको हायस्कूलवर चित्रकला शिकवते. नगरच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत, मुलांच्या पानावर, ती दर आठवड्याला चार चौकटींची चित्रकथा काढायची. आधी त्यात एक आगाऊ शेळी होती. शेळीचं बरं चाललं होतं. मी जखमी झाल्याचं कळल्यावर संपादकांनी बायकोला फोन केला, चौकशी केली, धीर दिला, आणि मग म्हणाले, "ताई, शेळी आता पुरे. जखमी जवान पुन्हा कसा उभा राहतो, ते काढा. मुलांना प्रेरणा मिळेल." ती मला विचारायला दवाखान्यात आली. मी गोळ्यांच्या गुंगीत होतो. म्हणालो, काढ. शेळीच्या जागी मी गेलोय हे मला नीट कळेपर्यंत कागदातला जवान पलंगावर उठून बसला होता.

मी अजून आडवाच होतो.

तेव्हापासून तो माझ्या पुढेच राहिला. त्याच्या मिशा माझ्याहून भरघोस, छाती माझ्याहून रुंद, आणि दुखणं म्हणून काही नाही. एका रविवारी त्याने कुबड्या घेतल्या, पुढच्या रविवारी टाकल्या. मी पुण्यात दोन दांड्यांच्या मध्ये घामाघूम होऊन उभा राहत होतो, तेव्हा तो शाळेच्या पोरांबरोबर चेंडू लाथाडत होता. कृत्रिम पायाला वरच्या बाजूला एक वाटी असते, तिच्यात पायाचा उरलेला खुंट बसवायचा. त्या वाटीचा काठ खुंटाला घासतो, फोड येतो, फोड फुटतो, मग पाय काढून ठेवायचा आणि जखम भरेपर्यंत बसून राहायचं. हे सगळं चार चौकटींत कुठेच नव्हतं.

गावी आल्यावर तर कहरच झाला. डेअरीवर दूध घालायला येणारी माणसं पेपर वाचूनच मला भेटायला यायची. "काय मेजर, आता पळाय लागला म्हनं!" आमच्याकडे सैन्यातल्या कुणालाही मेजरच म्हणतात, आणि पेपरात आलेलं कुणी तपासत बसत नाही. माझ्याकडे बघून त्यांची निराशा व्हायची, ती मला स्पष्ट दिसायची. आईनेसुद्धा एकदा पुरवणी डोळ्यांजवळ धरून बघितली आणि म्हणाली, "आरं, ह्यो तर चालाय लागला की! तुझं घोडं कुठं आडलंय?"

त्या संध्याकाळी मी बायकोवर भडकलो. "त्याला जरा दुखू दे की! एखादा फोड तरी काढ."

"चौकटीत दुखणं कसं काढू? तोंड वाकडं काढलं की मुलांना वाटतं, पोट दुखतंय."

"मग पोट दुखतंय असं तरी वाटू दे."

ती हसली. मला हसू येत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला त्या कागदाच्या माणसाचा हेवा वाटत होता. सुरुंग फुटला त्या क्षणापासून मला सगळे उचलत होते. सोबत्यांनी उचललं, हेलिकॉप्टरमध्ये ठेवलं, पलंगावरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून पलंगावर. आंघोळीला उचललं, संडासाला उचललं. प्रेमाने उचललं, त्याबद्दल तक्रार नाही. पण उचलून घेतलेल्या माणसाला कुठे जायचंय हे कुणी विचारत नाही. मला आता एवढंच हवं होतं, की इथून पुढे मला कुणी उचलायचं नाही.

त्यात मिरवणुकीचा विषय निघाला.

आमच्या भागात जवान नोकरी करून परत आला की गाव त्याला वेशीवर आणायला जातं. उघडी जीप सजवतात, बँजो लावतात, बायका ओवाळतात, आणि वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत वाजत-गाजत नेतात. देवळात नारळ फुटला की मगच जवान आपल्या घरी. रंगात आलेली पोरं शेवटी त्याला जीपमधून खांद्यावरच घेतात. मी आलो तो ॲम्ब्युलन्समधून, मागच्या रस्त्याने, कुणाला न कळवता. गावाला ते लागलं. गावातले एक जुने सुभेदार, आम्ही त्यांना काका म्हणतो, घरी येऊन ओट्यावर बसले आणि म्हणाले, "तू गपचिप घरात शिरलास, पर तुझी मिरवणूक ऱ्हायली हाय. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की काढायची. जीप म्या बघतो."

"जीप नको," मी म्हणालो. "वेशीपासून देवळापर्यंत मी चालणार. कुणी हात धरायचा नाही."

काकांनी माझ्या पायाकडे बघितलं, मग आईकडे. आई चहा गाळत होती. तिने वर न बघता सांगितलं, "त्यो म्हनतोय तर चालंल."

झालं. आता मागे फिरायला वाट नव्हती, आणि मला ती नकोही होती. मी रोज पहाटे पाय बांधून घरामागच्या पांदीने, शेतांमधल्या गाडीवाटेने, चालायला लागलो. थंडी मी म्हणत होती. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्याला आली होती, पाखरं हाकणाऱ्या बायका फटाके वाजवायच्या आणि पहिल्या पहिल्यांदा मी त्या आवाजाला दचकून जागच्या जागी थांबायचो. मग थांबायचं कमी झालं. पांद म्हणजे सगळी ढेकळं आणि चाकोऱ्या, त्यामुळे पाय टाकताना सारखं खाली बघावं लागे. फोड आला की दोन दिवस घरी, बरा झाला की पुन्हा पांद. आधी दोन्ही हातांत काठ्या, मग एक, मग काठी काखेत धरून. एक दिवस काठी घरीच विसरलो आणि विहिरीपाशी पोचल्यावर ते लक्षात आलं. त्या दिवशी मी विहिरीच्या काठावर बसून मोठ्याने शीळ घातली. ऐकायला फक्त मोटर होती.

पण कागदातला माणूस इथेही पुढे गेलाच. पुरवणी आधी छापून तयार ठेवतात, त्यामुळे बायकोला चित्रं काही दिवस आधी पाठवावी लागत. प्रजासत्ताक दिनाचं खास पान आदल्या दिवशीच यायचं होतं, आणि संपादकांना त्यात जवानाची मिरवणूक हवी होती. बायकोने काढली. पहिल्या चौकटीत वेस, दुसरीत बँजो, तिसरीत ओवाळणाऱ्या बायका, चौथीत देवळाच्या पायरीवर उभा असलेला जवान, मिशीला पीळ देतोय.

"मी अजून घरातून निघालो नाही आणि हा पोचलासुद्धा?"

"तुम्हीही पोचाल की," ती म्हणाली, आणि कागद लांब धरून बघत बसली. चौकटींचा खालचा भाग तिला मोकळा मोकळा वाटत होता. मग तिने केशरी रंग घेतला आणि सगळ्या रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. छान दिसत होतं, मीच म्हणालो तसं.

खास पान आलं आणि गावाच्या ग्रुपवर दिवसभर तेच चित्र फिरत राहिलं. आम्हाला वाटलं, लोकांना आवडलंय. त्यांना ते आवडलं होतंच, पण त्यांनी ते हुकूम म्हणूनही घेतलं होतं. बायकोने चित्र काढलंय म्हणजे मेजरच्या घरून तसं सांगणं आलंय, असा सगळ्यांचा समज झाला. सव्वीसला सकाळी झेंडावंदन करून मी वेशीवर गेलो आणि बघतो तर काय, वेशीपासून देवळापर्यंत सिमेंटचा रस्ता केशरी झालेला! शेजारच्या मळ्यांतून पोत्यांनी झेंडू आणला होता, बचतगटाच्या बायकांनी रात्रीच पाकळ्या सोडून ठेवल्या होत्या, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वरून पाणीही शिंपडलं होतं. काका हात चोळत म्हणाले, "बघ, पेपरात हाय तसंच केलंय. कायपन कमी न्हाई."

मी युनिफॉर्म घातला होता, पदकं लावली होती. काठी घेतली नव्हती. बँजो सुरू झाला आणि मी निघालो.

पहिला टप्पा झकास गेला. लोक दोन्ही बाजूंना उभे होते, पोरी फुलं टाकत होत्या, मी समोर बघून चालत होतो. पांदीत मी कायम खाली बघून चालायचो, इथे सगळे बघतायत म्हणून मान ताठ होती. आपल्या तळव्याला ओलं कळतं, निसरडं कळतं, तो आपोआप बोटं रोवतो. माझ्या रबरी पायाला यातलं काही कळत नाही. किराणा दुकानाजवळ रस्ता थोडा उतरता आहे, तिथे ओल्या पाकळ्यांवरून तो सर्रकन पुढे गेला आणि मी पालथा पडलो. टोपी घरंगळत गटारीपर्यंत गेली. बँजो थांबला.

एक क्षण कुणीच हललं नाही आणि पुढच्या क्षणी सगळेच धावले. "उचला, उचला!" "खांद्यावर घ्या रे मेजरला!" मिरवणूक म्हटली की खांद्यावर घ्यायचंच असतं, त्यामुळे पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट सोयच झाली. दोघांचे हात माझ्या काखेत शिरलेसुद्धा. मी परेड मैदानावर ओरडायचो तसा ओरडलो, "हात काढा! मागे हटा!"

हात निघाले, पण गर्दी अंगावर तशीच. त्या पायांच्या जंगलात मला आईचा आवाज आला. "सरका की मागं! त्याला उठाया जागा तर द्या!"

जागा झाली. आता उठायचं होतं, आणि उठायची एकच रीत मला येत होती. पुण्याच्या केंद्रात आम्हाला चालण्याच्या आधी गादीवर पडायला आणि पडून उठायला शिकवलं होतं. उठताना आधी लहान पोरासारखं हातापायांवर रांगत यावं लागतं. तिथे आम्ही सगळे पाय गेलेले एकमेकांना घोडा म्हणून चिडवायचो. इथे मी युनिफॉर्ममध्ये होतो, छातीवर पदकं होती, आणि समोर ओवाळायला उभ्या राहिलेल्या गावच्या लेकी-सुना होत्या. मेलो तरी चालेल, असं वाटण्याइतकी लाज वाटली. पण खांद्यावर जायचं नव्हतं. मी हातांवर आलो, गुडघ्यांवर आलो, पदकं खाली लोंबकळली. मग उजवा पाय पुढे घेऊन तळवा जमिनीवर घट्ट टेकवला, दोन्ही हात उजव्या मांडीवर रोवले आणि जोर लावला. पहिल्या जोराला अर्ध्यातून खाली आलो. कुणीतरी हळहळलं, आईने त्याला गप्प केलं. दुसऱ्या जोराला उभा राहिलो.

बायको दुकानाच्या पायरीवर होती. ती पुढे आली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, माझ्या हातांवर होती. कुठला हात कुठे टेकला, कुठला पाय आधी आला, हे ती बघत होती. ही बाई हे काढणार, हे मला तिथेच कळलं. मग मी खाली बघत, पाकळ्या बुटाने बाजूला सारत, देवळापर्यंत गेलो. नारळ मीच फोडला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "पाकळ्या माझ्यामुळे आल्या."

"पाकळ्यांचं सोड. मी गावासमोर घोडा झालो."

"पुढच्या रविवारी तेच काढणार आहे."

मी जेवणाच्या ताटावरून उठलो. सगळ्या गावाने बघितलं ते कमी पडलं, म्हणून आता सगळ्या जिल्ह्याला दाखवणार? तोंडाला येईल ते बोललो. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तो कधी पडत नाही, म्हणून तुम्ही त्याच्यावर चिडला होता ना?"

मी अबोला धरला. तिकडे तिने काढायला घेतलंच. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाजवळून जाताना मी कागदाकडे चोरून बघितलं आणि मला राहवलं नाही. "उजवा पाय एवढा लांब नसतो टेकवायचा. गुडघ्याच्या खाली सरळ आला पाहिजे, नाहीतर माणूस पुन्हा बसेल." तिने खोडलं आणि नीट केलं. माझा अबोला तिथे संपला.

संपादकांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. "ताई, जवान पडतो कसा?"

"फुलांवरून."

"तसं नव्हे हो. वाचकांना काय वाटेल? त्याला पळताना काढा, झेंडा घेऊन."

"तो पळत नाही अजून."

"अहो, मुलांचं पान आहे, तिथं एवढं खरं-खोटं कोण बघतंय?"

"मग शेळीच काढते," बायको म्हणाली. तेव्हा कुठे ते म्हणाले, पडलेला फक्त एकाच चौकटीत ठेवा. तिने तसंच केलं होतं. पहिल्या चौकटीत जवान पालथा, दुसरीत हातापायांवर, तिसरीत पाय टेकवून जोर लावणारा, चौथीत उभा. कुणाच्या तोंडी एक शब्द नाही. "तुम्ही उठताना काही बोलत नव्हता," ती म्हणाली.

त्या रविवारी डेअरीवर मला कुणी काही विचारलं नाही. काकांनी मात्र येऊन सांगितलं, की आता मिरवणुकीत फुलं टाकायची नाहीत असं गावात ठरलंय.

ज्वारीची काढणी झाली, उन्हं तापली, आणि ऊसतोडीला गेलेली माणसं पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, आपापल्या गावी परतली. अशाच एका दुपारी जामखेडकडचं एक जोडपं घर शोधत आलं. पुरुष कुबडीवर, त्याचाही डावाच पाय नव्हता. बाईच्या हातात बाजाराची पिशवी, आणि पिशवीतून एक कृत्रिम पाऊल बाहेर डोकावत होतं. आईने त्यांना सावलीत बसवून पाणी दिलं. त्याने खिशातून पेपरचा तुकडा काढून उलगडला. भेळ बांधून आलेला कागद होता, तेलाने पारदर्शक झालेला; चित्राखालचं माझ्या बायकोचं नाव-गाव भेळवाल्याने वाचून दाखवलं होतं. आतला जवान पालथा पडला होता, रांगत होता, उठत होता.

"मेजर, मला वाचाया न्हाई येत. पर ह्ये कळतंय," तो म्हणाला. "फकस्त हितं, रांगल्यावर म्होरं गुडघा कसा घेतला, त्ये काय समजंना. त्येवढं दावा."

मागच्या वर्षी ट्रॉली भरताना उसाची मोळी घसरून तो ट्रॉलीखाली गेला होता. कुठल्याशा शिबिरात पाय मिळाला. तो घालून उसाच्या फडात गेला आणि सरीत पडला. बायकोने आणि शेजारच्या कोपीतल्या, पाचटाच्या झोपडीतल्या बायांनी मिळून त्याला उचलून बाहेर आणलं. त्या दिवसापासून पाय खुंटीला. ऊसतोडीला टोळीचा मुकादम नवरा-बायकोला जोडीनेच घेतो; यंदा तिने एकटीने भावाच्या जोडीबरोबर तोड केली होती आणि हा कोपीत बसून भाकरी थापत होता. "भाकरी थापायची लाज न्हाई," तो म्हणाला. "पर म्होरल्या हंगामाला मला फडात जायचंय. बसून तोडाया येतंय मला. फकस्त पडलो तर माझं मला उठाया यावं. हिनं तोडायचं का मला उचलत बसायचं?"

मी तोंडाने सांगायला लागलो. उजवा पाय असा, हात असे. तो मान हलवत होता आणि त्याला काही कळत नव्हतं. माझी बायको कागद-पेन्सिल घेऊन आली, तिनेही काढून बघितलं. तो मान हलवतच राहिला. अंगणाबाहेर दोन-तीन शेजारी उगाच रेंगाळायला लागले होते, मेजरकडे कोण आलंय ते बघायला.

मी चष्मा काढून आईकडे दिला, अंगणाच्या मधोमध गेलो आणि मुद्दाम पालथा पडलो. आई "आरं!" म्हणाली. मी हातांवर आलो, गुडघ्यांवर आलो, तिथेच थांबलो आणि मान वळवून त्याला म्हणालो, "इथे या. इथून बघा."

त्याने पिशवीतून पाय काढून बांधला. मग माझ्या शेजारी खाली बसला, पालथा झाला, आणि आम्ही दोघं भर दुपारी अंगणात एकामागे एक रांगत उठत राहिलो. तो पहिल्यांदा अर्ध्यातून बसला. दुसऱ्यांदा बसला. तिसऱ्यांदा तोल जायला लागला तशी त्याच्या बायकोने दोन्ही हात पुढे केले. "सोड," तो म्हणाला. तिने हात मागे घेतले आणि पदराचं टोक मुठीत आवळून उभी राहिली. त्याने तळवा मातीत घट्ट टेकवला, हात मांडीवर रोवले, दात खाल्ले आणि उठला.

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. बायकोकडे बघून म्हणाला, "फोन लाव मुकादमाला. दोघं येतोय म्हनावं."